आपणच मालक, आपणच नोकर: पेन्शनच्या पैशावर आयकर वाचतो का?

मार्चची वीस तारीख उलटली की बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या खोलीत गर्दी वाढते. मी सीए नव्हे. दुकानांचे, वर्कशॉपचे हिशेब लिहितो आणि लोकांचे रिटर्न भरून देतो. गेल्या मार्चात उद्यमबागेतला एक लेथवाला पोरगा गाडी स्टँडला लावता लावताच विचारत आला, "काका, एनपीएसात पन्नास हजार टाकू काय? भाऊ म्हणाला टॅक्स वाचतोय म्हणून." एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना. त्याचा भाऊ बंगळुरात कंपनीत नोकरीला. मी वही उघडली. वर्षाचा नफा साडेनऊ लाख. म्हटलं, "टाक की. पण टॅक्स एक रुपया वाचणार नाही. तुला टॅक्स लागतच नाही."

ही बातमी चांगली म्हणावी की वाईट, हेच त्याला कळेना.

त्याच्या भावाचं खोटं नव्हतं. भावासाठी ते खरंच होतं. नोकरदाराला आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला पेन्शनच्या बाबतीत कायदा वेगवेगळं मोजमाप लावतो, आणि आपल्याकडे सल्ला देणारे बहुतेक जण नोकरदार असतात. त्यांचं गणित आपल्या वहीत उतरवलं की घोटाळा होतो.

आधी एक गोष्ट. खाली दिलेले दर आणि मर्यादा २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला आणि कलमांचे आकडे बदलले. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचं, आणि लोकांच्या तोंडी अजून जुनेच आकडे आहेत, म्हणून मीही तेच वापरतो. आणखी एक: हा कर केंद्राचा. तेव्हा कर्नाटकातल्या निपाणीतला दुकानदार आणि पलीकडे महाराष्ट्रातल्या कागलमधला दुकानदार, दोघांना हिशेब एकच. सीमाभागात दोन्हीकडे सारखी असलेली ही एक गोष्ट, आणि ती नेमकी कर निघावी!

तीन कप्पे

आयकर मोजायच्या पद्धती दोन. जुनीत दर जास्त, पण वजावटी, म्हणजे कर काढण्याआधी उत्पन्नातून वगळायच्या रकमा, भरपूर. नवीत दर कमी, पण बहुतेक वजावटी बंद.

एनपीएस २००४ मध्ये केंद्र सरकारच्या नोकरांसाठी सुरू झाली आणि १ मे २००९ पासून सगळ्यांना खुली झाली. तिच्यात भरलेल्या पैशावरच्या वजावटीचे तीन कप्पे आहेत.

पहिला कप्पा कलम ८० सीसीडी (१). नोकरदाराला पगाराच्या १० टक्क्यांपर्यंत आणि स्वतंत्र व्यावसायिकाला एकूण ढोबळ उत्पन्नाच्या २० टक्क्यांपर्यंत. ऐकायला आपल्याला दुप्पट मिळालं. पण हा कप्पा दीड लाखाच्या मोठ्या पेटीतच आहे. पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं), आयुर्विमा, मुलांची ट्यूशन फी, गृहकर्जाची मुद्दल, विमा कंपनीची पेन्शन पॉलिसी, हे सगळं त्याच पेटीत कोंबायचं. ती भरलेली असेल तर २० टक्के काय आणि ४० टक्के काय.

दुसरा कप्पा ८० सीसीडी (१बी). पन्नास हजार, दीड लाखाच्या बाहेर, फक्त एनपीएससारख्या पेन्शन खात्यासाठी. सगळे जण ज्या 'पन्नास हजारां'बद्दल बोलतात ते हे. पैसे टियर एकच्या, म्हणजे मुख्य पेन्शन खात्यात गेले पाहिजेत. टियर दोनमध्ये, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येणाऱ्या जोडखात्यात टाकलेल्या पैशाची आपल्याला वजावट नाही.

तिसरा कप्पा ८० सीसीडी (२). मालक नोकराच्या एनपीएसमध्ये जे भरतो ते. नव्या करपद्धतीत मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत.

आता मुद्दा असा की नव्या करपद्धतीत पहिले दोन कप्पे बंद आहेत. उघडा आहे तो फक्त तिसरा. आणि तिसऱ्याला लागतो मालक. बंगळुरातल्या भावाला मालक आहे. उद्यमबागेतल्या पोराला नाही. तो स्वतःच मालक, पण कायद्याच्या नजरेत स्वतःचा नोकर नव्हे. त्यामुळे नव्या पद्धतीत त्याच्या पेन्शनच्या पैशावर वजावट शून्य. भागीदारीतल्या भागीदाराचंही तेच. फर्म त्याला 'पगार' देते असं आपण म्हणतो, पण आयकरात तो धंद्याचंच उत्पन्न धरला जातो, त्यामुळे तिसरा कप्पा त्यालाही उघडत नाही. स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून तिच्यातून खरोखर पगार घेणाऱ्याला तो उघडतो. पण तेवढ्यासाठी कंपनी काढू नका. तिच्या ऑडिटचा आणि कागदपत्रांचा खर्च वाचलेला कर गिळून टाकतो.

खर्च नव्हे, वजावट

खडे बाजारातल्या एका कापडवाल्याची वही एकदा माझ्याकडे आली. त्याने स्वतःच्या एनपीएसचे पैसे दुकानाच्या खर्चात टाकले होते, वीजबिल आणि हमालीच्या खाली. दुकानाच्या खात्यातून गेले म्हणजे दुकानाचाच खर्च, असं त्याचं म्हणणं. तर्क म्हणून वाईट नव्हता, पण चूक होती.

तुमची पेन्शन हा तुमचा घरचा मामला. दुकानाच्या खात्यातून गेली तरी वहीत ती मालकाची उचल. धंद्याचा नफा तिच्यामुळे कमी होत नाही. नफा ठरल्यावर, सगळी उत्पन्नं एकत्र केल्यावर, शेवटी रिटर्नमध्ये वजावटीच्या रकान्यात ती येते. तीही जुनी पद्धत घेतली असेल तरच. नफ्या-तोट्याच्या पत्रकात टाकली आणि पुढे वजावटही घेतली, तर एकाच पैशाचा दोनदा फायदा घेतला असं होतं आणि नोटीस येते.

कामगारांच्या पेन्शनचं मात्र उलटं. तुमच्या लेथवर काम करणाऱ्या पोराच्या एनपीएसमध्ये तुम्ही भरलेला पैसा हा धंद्याचा अस्सल खर्च, त्याच्या पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत. तो नफ्यातून वजा होतो, जुनी पद्धत असो की नवी. हे लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडणार आहे.

ठोकळ नफा दाखवणाऱ्यांसाठी थोडं. कलम ४४ एडीखाली व्यापारी उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून मोकळा होतो. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना ४४ एडीएखाली जमा रकमेच्या ५० टक्के. इथे सगळे खर्च आधीच वजा झालेत असं कायदा मानतो, म्हणून कामगारांची पेन्शन वेगळी दाखवता येत नाही. पण स्वतःच्या पेन्शनची वजावट हा खर्च नाहीच. त्यामुळे जुनी पद्धत घेतलेला माणूस ठोकळ नफ्यातूनही ती घेऊ शकतो. हे कित्येकांना ठाऊक नसतं.

मग जुनी पद्धत घ्यावी का?

बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर प्रश्नच मिटला. नव्या पद्धतीत ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. जुन्या पद्धतीत शून्य कर हवा तर करपात्र उत्पन्न पाच लाखांवर आणावं लागतं. म्हणजे बारा लाखवाल्याने सात लाखांच्या वजावटी जमवायच्या! कोण जमवतो? माझ्याकडे येणारे दहातले आठ जण बाराच्या आतलेच. त्यांनी पेन्शनमध्ये जरूर भरावं, पण कराचं नाव काढू नये. पंधरा मार्चनंतर फॉर्म घेऊन फिरणारे एजंट हे सांगत नाहीत. माझ्या मेव्हण्याला अशाच एकाने 'टॅक्स वाचेल' म्हणून वीस वर्षांची पॉलिसी गळ्यात मारली. मेव्हण्याचं उत्पन्न सहा लाख.

बाराच्या वर गंमत सुरू होते. टिळकवाडीतल्या एका डॉक्टरीणबाईंचं उदाहरण घेऊ. दवाखान्याची वर्षाची जमा तीस लाख, ४४ एडीएप्रमाणे नफा पंधरा लाख. नव्या पद्धतीत पहिल्या चार लाखांवर काही नाही, पुढच्या चारवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या चारवर १० टक्क्यांनी ४०,०००, उरलेल्या तीनवर १५ टक्क्यांनी ४५,०००. एकूण १,०५,०००. त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे १,०९,२०० रुपये.

जुन्या पद्धतीत पीपीएफचे दीड लाख आणि एनपीएसचे पन्नास हजार एवढंच वजा केलं तर तेरा लाख उरतात. कर होतो २,०२,५००, अधिक उपकर. जवळजवळ दुप्पट. पेन्शनची वजावट मिळाली म्हणून खूश व्हायचं आणि लाखभर जास्त भरायचे, असला हा सौदा.

पंधरा लाखांवर जुनी पद्धत परवडायला ५,३७,५०० रुपयांच्या वर वजावटी लागतात. वीस लाखांवर साधारण ७ लाख ८ हजार. चोवीस आणि त्यापुढे ७ लाख ७५ हजार. पगारदाराला मिळणारी प्रमाणित वजावट आपल्याला दोन्ही पद्धतींत नाही, म्हणून वर्तमानपत्रात छापून येणारे आकडे थोडे वेगळे असतात.

पण डॉक्टरीणबाईंचं घर कर्जाचं आहे असं धरू. व्याजाचे दोन लाख. स्वतःचा आणि सत्तरीतल्या आईवडिलांचा आरोग्य विमा मिळून ७५,०००. शिवाय शिकण्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज एक लाख. त्याला वरची मर्यादा नाही, फक्त आठ वर्षांची मुदत. हे सगळं अधिक पीपीएफचे दीड लाख म्हणजे ५,२५,०००. अजून जुनी पद्धत महागच, अडीच हजारांनी. आता एनपीएसचे पन्नास हजार घाला. ५,७५,००० झाले, करपात्र उरले ९,२५,०००, कर ९७,५००. नव्यापेक्षा साडेसात हजार कमी. इथे पेन्शनच्या पैशाने तराजू खरोखर कलला. असे लोक आहेत, पण थोडे, आणि कर्ज फिटलं की तेही नव्याकडे येतात.

आणि ये-जा करायची सोय आपल्याला नाही. नोकरदार दरवर्षी मनाला येईल ती पद्धत घेतो. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याने जुनी घ्यायची तर रिटर्नच्या मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा जुनीत जाऊन परत नव्यात आलात, की धंदा चालू असेपर्यंत जुनीचं दार बंद. यंदा कर्जाचं व्याज जास्त म्हणून जुनी, पुढच्या वर्षी नवी, मग पुन्हा जुनी, हे चालत नाही. २०२३-२४ पासून काही न सांगणारा माणूस आपोआप नव्यातच धरला जातो, आणि फॉर्म उशिरा भरला तर मोजलेल्या सगळ्या वजावटी उडतात. मच्छ्याच्या एका कारखानदाराला हा धडा चाळीस हजारांना पडला. फॉर्म भरणार होतो मीच, आणि विसरलोही मीच. तेव्हापासून ती तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो.

बारा आणि पावणेतेराच्या मधला चिखल

हा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे, पण इथेच खरा पैसा आहे.

नव्या पद्धतीत बारा लाखांवर कर शून्य. बारा लाख पन्नास हजारांवर किती? सरळ दराने ६७,५००. पन्नास हजार जास्त कमावले म्हणून साडेसदुसष्ट हजार भरायचे हे फारच झालं, म्हणून कायदा सीमांत सवलत (मार्जिनल रिलीफ) देतो: बाराच्या वर जेवढं कमावलं त्याहून जास्त कर नाही. म्हणजे ५०,०००. त्यावर उपकर २,०००. एकूण बावन्न हजार. वरच्या कमाईतला रुपयाही हातात राहत नाही, उलट दोन हजार खिशातून जातात. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हीच गत.

या चिखलात सापडलेल्या नोकरदाराला मालकाकडून एनपीएस भरून घेऊन बाहेर येता येतं. आपल्याला स्वतःच्या नावाने नाही. पण वहीखाती नीट ठेवणाऱ्याकडे चार कामगार असतील, तर त्या चौघांच्या एनपीएसमध्ये प्रत्येकी साडेबारा हजार भरले की नफा पन्नास हजारांनी उतरून बारा लाखांवर येतो आणि कर शून्य. पन्नास हजार कामगारांना गेले, बावन्न हजारांचा कर टळला. अटी एवढ्याच: खर्च ३१ मार्चच्या आत प्रत्यक्ष भरलेला, १४ टक्क्यांच्या मर्यादेत, कामगारांची खाती खरी, आणि तुम्ही ४४ एडीचा ठोकळ नफा न दाखवता वहीप्रमाणे नफा दाखवणारे. हा उपाय मी तिघांना सुचवला. दोघांनी केला. तिसरा म्हणाला, "सवय लागली तर पुढच्या वर्षीबी मागतील." मी गप्प बसलो.

ऊस, पिग्मी आणि पतसंस्था

निपाणी-चिकोडीकडे दुकान आणि शेती दोन्ही असणारे खूप. जुन्या पद्धतीत २० टक्क्यांची मर्यादा काढताना ते उसाचे पैसेही मिळवतात. तसं नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने ढोबळ उत्पन्नात येतच नाही. दुकानाचे सहा लाख आणि उसाचे नऊ लाख असतील तर २० टक्के सहा लाखांचे, म्हणजे १,२०,०००.

दुसरा गोंधळ पिग्मीचा, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवीचा. रोज दुकानात येऊन पन्नास-शंभर नेणारा पिग्मीवाला ही आपल्या कर्नाटकचीच देणगी. १९२८ मध्ये उडुपीच्या बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, तिने ती पद्धत सुरू केली. बेळगावात पेन्शन म्हणजे कित्येकांना पिग्मीच. पण तिच्यावर किंवा पतसंस्थेच्या ठेवीवर कोणत्याही पद्धतीत वजावट नाही. पाच वर्षांच्या ज्या मुदत ठेवीवर जुन्या पद्धतीत वजावट मिळते, ती शेड्यूल्ड बँकेतली किंवा पोस्टातली. आणि बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतचं जे ठेव विमा संरक्षण आहे, ते सहकारी बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. साठवण करा, पण म्हातारपणची सगळी पुंजी एकाच सोसायटीत ठेवू नका.

पीपीएफबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आपल्याकडे जामीन राहण्याची भारी सवय. मेव्हण्याला, मित्राला, गल्लीतल्या कुणालाही. उद्या कर्ज बुडालं आणि कोर्टाचा हुकूमनामा आला, तरी पीपीएफच्या खात्यावर जप्ती येत नाही. वजावट मिळो न मिळो, मी धंदेवाल्याला पीपीएफ आधी उघडायला सांगतो. व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के, मुदत पंधरा वर्षं, वर्षाला पाचशे ते दीड लाख. व्याजावर कर नाही, नव्या पद्धतीतही नाही.

एनपीएसचे पैसे बाजारावर चालतात, साठीपर्यंत मोठ्या अंशी अडकतात आणि शेवटी एक भाग पेन्शनसाठी विमा कंपनीकडे द्यावा लागतो. आतापर्यंत तो किमान ४० टक्के होता. डिसेंबर २०२५ मध्ये बिगरसरकारी खातेदारांसाठी तो २० टक्क्यांवर आणला. साठीला काढलेल्या रकमेपैकी एकूण पुंजीच्या ६० टक्क्यांपर्यंत करमाफी आहे. महिन्याला येणारी पेन्शन मात्र उत्पन्न म्हणून करपात्र. म्हणजे आत टाकताना वजावट नाही आणि बाहेर येताना पेन्शनवर कर, अशी नव्या पद्धतीतल्या धंदेवाल्याची अवस्था. कराचा विचार केला तर त्याला पीपीएफ उजवं. शेअर बाजाराची वाढ स्वस्तात हवी असेल तर एनपीएस. त्यांचा व्यवस्थापन खर्च खरोखर कमी असतो.

वडगावच्या मागवाल्यांना यातलं काहीच लागू नाही, त्यांना कर नाही. चाळिशीच्या आतल्यांना अटल पेन्शन आहे, महिना एक ते पाच हजारांची. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला तिच्यात नव्याने जाता येत नाही, पण विणकराला येतं. महिना पंधरा हजारांच्या आत कमाई असेल तर श्रमयोगी मानधन योजनेत वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र सरकार घालतं, आणि साठीनंतर महिना तीन हजार मिळतात.

उद्यमबागेतल्या पोराने शेवटी मार्चात पन्नास हजार टाकले नाहीत. पीपीएफ उघडलं, आणि एनपीएसचे महिना दोन हजार बँकेतून आपोआप जातील असं करून घेतलं. पिग्मीवाल्याचे रोजचे शंभर तसेच चालू ठेवले. म्हणाला, "तो दारात येतोय काका. मोबाइलवाला काय दारात येत नाही."